टमी टक करायचं ठरवलंय? वॉर्डातल्या नर्सचं थोडं ऐकून ठेवा

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात मी नर्स आहे. टमी टक म्हणजे पोटाची ओघळलेली कातडी काढून पोट आवळण्याचं ऑपरेशन. ते झालेला पेशंट ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आला की आमच्या ताब्यात येतो, आणि घरी गेल्यावरही ड्रेसिंगला, ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) काढायला आमच्याकडेच येतो. त्यामुळे ऑपरेशनपेक्षा नंतरचे आठवडे मी जास्त पाहिलेत. लोक ज्या गोष्टींनी घाबरून फोन करतात त्यांतल्या बऱ्याच अगदी नेहमीच्या असतात, आधी कुणी नीट सांगितलेल्या नसतात इतकंच. आणि ज्यांच्यासाठी खरंच धावत यायला हवं, त्या मात्र अंगावर काढल्या जातात. हे दोन्ही बदलावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय. तुमच्या सर्जननी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमच्या पोटात नेमकं काय केलंय ते त्यांना माहीत असतं.

हे ऑपरेशन नेमकं काय करतं

ओघळलेली जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी कापून काढली जाते. पोटाचे दोन उभे स्नायू बाळंतपणात किंवा खूप वजन वाढल्यामुळे मधोमध फाकलेले असतात, ते टाके घालून पुन्हा जवळ आणले जातात. मग वरची कातडी खाली ओढून शिवतात. बेंबी तिच्या देठासकट जागेवरच राहते, ताणलेल्या कातडीत तिच्यासाठी नवं भोक पाडून ती तिथे शिवतात. म्हणून व्रण दोन असतात: एक बेंबीभोवती आणि एक ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. हा दुसरा व्रण लांब असतो. सिझेरियनच्या व्रणाएवढाच असेल असं मनात धरून लोक येतात, तसा तो नसतो. चड्डीच्या आत झाकला जाईल इतका खाली तो घेतात, पण तो कायमचा असतो.

फक्त बेंबीखालचीच कातडी सैल असेल तर मिनी टमी टक होतो, त्यात बेंबीला हात लावत नाहीत. खूप वजन उतरवलेल्यांची कातडी आडवी आणि उभी दोन्हीकडे सैल असते, त्यांना कधीकधी मधोमध उभा छेदही घ्यावा लागतो.

वजन उतरवण्यासाठी हे ऑपरेशन नाही. आतड्यांभोवतीची, पोटाच्या आतली चरबी यात निघत नाही. पोट आतूनच फुगलेलं असेल तर बाहेरची कातडी कितीही ताणली तरी ते सपाट दिसणार नाही. स्ट्रेच मार्क्सचंही तसंच: जी कातडी कापली जाते तिच्यावरचे जातात, वरच्या भागातले राहतात, फक्त खाली सरकतात. पुढे मूल हवं असेल तर तोवर थांबा. टमी टकनंतर गरोदर राहता येतं, त्यात काही अडत नाही, पण शिवलेले स्नायू आणि कातडी पुन्हा ताणतात. वजन अजून उतरत असेल तरी थांबा. ते निदान सहा महिने एका जागी टिकलेलं असावं.

आधीची तयारी

सगळ्यात आधी तंबाखू. सिगारेट, व्हेप, निकोटिनची गम किंवा पट्टी, सगळंच. ऑपरेशनच्या निदान चार ते सहा आठवडे आधी बंद आणि नंतरही तितकेच दिवस बंद. मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. पोटाची कातडी खालच्या थरापासून सोडवून खाली ओढली की तिला रक्त पुरवणाऱ्या बऱ्याच वाहिन्या तुटलेल्या असतात, उरलेल्या थोड्यांवर तिला जगायचं असतं. निकोटिन नेमक्या त्याच वाहिन्या आवळतं. मग बेंबीच्या खाली, छेदाच्या मधोमध, जिथे ताण सगळ्यात जास्त असतो तिथली कातडी आधी जांभळट आणि मग काळी पडते. मेलेली कातडी काढावी लागते आणि ती जखम भरायला महिने जातात. अशा जखमांचं ड्रेसिंग मी केलंय. तुम्ही ओढत असाल तर सर्जनपासून लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, त्यापेक्षा वाईट काही होणार नाही.

गोळ्यांची यादी करा आणि दाखवा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जडीबुटीची औषधं, हे सगळं त्या यादीत हवं, कारण यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि हार्मोन्सही सांगा, त्यांचा संबंध रक्ताच्या गुठळ्यांशी आहे. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी लागते. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही भरून काढलेलं बरं.

घराची तयारी लोक सर्वांत शेवटी करतात. खरं तर ती आधी व्हायला हवी. पहिले दोन-तीन दिवस चोवीस तास कुणीतरी सोबत पाहिजे, आणि पुढचा निदान एक आठवडा हाकेच्या अंतरावर. लहान मूल असेल तर सहा आठवडे त्याला उचलायचं नाही. म्हणजे त्याला उचलणारं, अंघोळ घालणारं दुसरं माणूस आतापासून ठरवा. मूल तुमच्या कुशीत येऊ शकतं, पण ते दुसऱ्याने आणून बसवायचं किंवा त्याने स्वतः चढून यायचं. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. समोरून बटणं असलेले सैल कपडे काढून ठेवा. उशा भरपूर हव्यात. मागे कलणारी आरामखुर्ची मिळाली तर झोपायला ती पलंगापेक्षा बरी.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या रात्री भूलतज्ज्ञ सांगतील तसं उपाशी राहायचं. साधारणपणे घन अन्न सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला दिलेली वेळच पाळा. सर्जन तुम्हाला उभं करून पोटावर पेनने खुणा करतील. त्या वेळी व्रण कुठे येणार हे आरशात बघून घ्या आणि काही विचारायचं असेल तर तेव्हाच विचारा. नेहमीची चड्डी सोबत आणली तर तिची कड कुठे येते ते त्यांना दाखवता येतं.

पूर्ण भूल देतात. ऑपरेशन साधारण दोन ते चार तास चालतं, लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) जोडीला असेल तर थोडं जास्त.

जाग येते तेव्हा पाठ उचललेली आणि गुडघे वाकलेले असतात. पलंगच तसा केलेला असतो, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. पोटाभोवती घट्ट पट्टा, पायांत दाबाचे मोजे किंवा हवा भरून पोटऱ्या दाबणारं यंत्र, हाताला सलाईन, बहुतेकदा दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नळी बाहेर आलेली. काहींना रात्रभर लघवीची नळीही असते. मळमळ होऊ शकते, ती लगेच सांगा, औषध असतं. उलटी झाली तर पोटावर ताण पडतो, त्यामुळे सोसत बसू नका.

दुखणं मुख्यतः शिवलेल्या स्नायूंचं असतं. खूप व्यायाम केल्यावर पोट भरून येतं तसं, पण त्याच्या कितीतरी पट. सर्जननी पोटाच्या भिंतीत बधिर करणारं औषध दिलं असेल तर पहिले काही तास बरे जातात आणि मग त्याचा असर उतरला की एकदम दुखायला लागतं. काही बिघडलंय असं समजून लोक घाबरतात. बिघडलेलं काही नसतं. म्हणून गोळी दुखायला लागल्यावर घेऊ नका, घड्याळ बघून घ्या. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. एक लक्षात ठेवा, दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असू शकतं, तेव्हा घरातली आणखी एखादी गोळी मधेच घेऊ नका.

पलंगावरून उठणं

हे मी प्रत्येकाला हात धरून शिकवते, कारण पहिल्या आठवड्यात दिवसातून कितीतरी वेळा हेच करायचं असतं. सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकत्र ठेवून अख्खं अंग एका कुशीवर वळवा, मधे पीळ पडू देऊ नका. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने गादी दाबून अंग वर ढकला. जोर सगळा हातांचा, पोटाचा नाही. कडेवर बसलात की थांबा. चक्कर येते का बघा, दोन-चार श्वास घ्या. मग सोबतच्या माणसाच्या हाताचा आधार घेऊन उभे राहा, कमरेत वाकूनच. झोपताना हेच उलटं.

वाकून चालणं साधारण आठवडा-दीड आठवडा चालतं. कातडी हळूहळू सैल होते तसतसं अंग आपोआप सरळ होतं. ताठ व्हायचा प्रयत्न मुद्दाम करू नका, छेदावर ताण येतो. या वाकण्याने पाठ मात्र भरून येते. पोटापेक्षा पाठच जास्त दुखते असं अनेक जण सांगतात.

चालायचं मात्र त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायचं. दोन पावलं का होईना, पण चालायचं. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनचा सर्वांत गंभीर धोका आहे. चालणं आणि पडल्या पडल्या पावलं वर-खाली करत राहणं हा त्यावरचा रोजचा उपाय. ज्यांचा धोका जास्त, त्यांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनंही देतात. तासाभराने थोडे खोल श्वासही घ्या. पट्ट्यामुळे आणि दुखण्यामुळे आपण नकळत वरवर श्वास घेतो आणि मग छातीत कफ साचतो. खोकला, शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरा.

ड्रेन

घरी नेताना सगळ्यांना धास्ती असते ती याची. कातडीखाली मोकळी जागा झालेली असते, तिथे पाझरणारं पाणी बाहेर काढण्यासाठी ही नळी असते आणि तिच्या टोकाला मऊ फुगा असतो. फुगा दाबून चपटा केला की तो पाणी ओढून घेतो. काही सर्जन आतले थर ठिकठिकाणी टाक्यांनी जोडून घेतात आणि ड्रेन ठेवतच नाहीत. तुमचं तसं असेल तर हा भाग सोडून पुढे वाचा.

रिकामा करताना आधी साबणाने हात धुवा. फुग्याचं बूच उघडा, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. मापाच्या कपात ओता आणि कप सपाट जागी ठेवून, डोळे त्याच्या रेषेत आणून किती मिलिलिटर आलं ते वाचा. मग फुगा मुठीत पूर्ण दाबा आणि दाबलेला असतानाच बूच लावा. हात सोडल्यावर फुगा चपटा राहिला पाहिजे. भरकन फुगला तर कुठून तरी हवा शिरतेय. नळीत गुठळी अडकलेली दिसली तर कातडीजवळ नळी एका हाताने पक्की धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती दाबत फुग्याकडे सरकवा. दोन ड्रेन असतील तर त्यांची नोंद वेगवेगळी: तारीख, वेळ, किती, रंग. ती वही प्रत्येक भेटीला आणा, आम्हाला तिचा फार उपयोग होतो. फुगे पट्ट्याला पिन करून ठेवा, लोंबू देऊ नका.

रंग आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळा होत जातो. चोवीस तासांत साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागलं, तेही सलग दोन दिवस, की बहुतेक सर्जन ड्रेन काढतात. काहींचा आठवड्यात निघतो, काहींचा दोन आठवडे राहतो. काढताना आत काहीतरी सरकल्यासारखं विचित्र वाटतं, क्षणभरच.

ड्रेन निघाल्यावरही आत पाणी साचू शकतं. त्याला सेरोमा म्हणतात आणि टमी टकनंतर ही सर्वांत जास्त दिसणारी तक्रार आहे. एका बाजूने टिचकी मारली की दुसरीकडे लाट गेल्यासारखं जाणवतं. दाखवायला या. सुईने पाणी काढतात. तो भाग बधिर असल्यामुळे सहसा दुखत नाही, कधी दोन-तीनदा काढावं लागतं.

घरचे दिवस

पट्टा साधारण सहा आठवडे असतो, सुरुवातीला अंघोळ सोडून दिवसरात्र. त्याला चुणी पडू देऊ नका. एकाच जागी चुणी रुतत राहिली तर तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो, आणि बधिर असल्यामुळे तुम्हाला ते कळत नाही. खोल श्वास घेता येत नसेल तर पट्टा फार आवळलेला आहे. अंघोळ बहुतेकांना दोन दिवसांनी, उभ्याने किंवा स्टुलावर बसून करता येते. टबात बसणं किंवा पोहणं जखमा पूर्ण भरेपर्यंत नाही.

दुखण्याच्या कडक गोळ्यांनी शौचाला घट्ट होते आणि कुंथणं तर पोटाला मुळीच परवडत नाही. त्रास सुरू व्हायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या आणि शौच मऊ करणारं औषध मागून घ्या.

बेंबीपासून खाली छेदापर्यंत कातडी बधिर असते. स्पर्श हळूहळू परत येतो, कधी मुंग्या येत, कधी खाज सुटत. काही महिने लागतात, वर्षही लागू शकतं, आणि छेदाच्या वरचा एखादा तुकडा कायमचाही बधिर राहतो. म्हणून हात जोडून सांगते: पोटावर गरम पाण्याची पिशवी किंवा शेकायचा पॅड ठेवू नका. कातडी भाजते आणि फोड दिसेपर्यंत पत्ताही लागत नाही. बर्फही तसाच, थेट नको.

सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. दिवसभर उभे राहिलात की पोट रात्री टणक होतं, कपडे घट्ट होतात. ऑपरेशन फुकट गेलं असं वाटण्याचा हाच काळ. सूज बरीचशी तीन महिन्यांत उतरते, खरा आकार सहा महिने ते वर्षाने कळतो.

आणि मन. पहिल्या आठवड्यात कधीतरी रडू येतं. भुलीचा थकवा, गोळ्या, मोडकी झोप, स्वतःचं स्वतः काही करता न येणं, आरशात सुजलेलं, निळंजांभळं पोट. हौसेनं ऑपरेशन करून घेतलं म्हणजे आता तक्रार करायचा हक्क नाही असं समजून लोक गप्प बसतात. हक्क आहे. सोबतच्या माणसाला सांगा, आम्हाला सांगा. दोन-तीन आठवडे उलटूनही मन उठत नसेल तर डॉक्टरांशी बोला.

कधी लगेच यायचं

एका पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं: थांबू नका, सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा. पोटाची एक बाजू भराभर फुगून ताठ झाली किंवा फुगा ताज्या लाल रक्ताने पुन्हा पुन्हा भरू लागला तर आत रक्तस्राव होतोय, हे बहुधा पहिल्या दिवसातच होतं. याशिवाय 38 अंश सेल्सियसच्या वर ताप, थंडी वाजणं, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी किंवा पू, टाके उसवणं, बेंबी किंवा छेदाजवळची कातडी काळपट होणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. रात्री फोन केला म्हणून कुणी रागावत नाही.

बरं वाटू लागल्यावर

माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ तिसरा ते सहावा आठवडा. दुखणं गेलेलं असतं, अंग सरळ झालेलं असतं, घरातली मदत परत गेलेली असते. कामं खुणावू लागतात. पण आत स्नायूंची शिवण अजून पक्की झालेली नसते. ते सगळं टाक्यांच्या जिवावर चाललेलं असतं. बसून करायच्या कामावर बरेच जण दोन-तीन आठवड्यांत जातात, अंगमेहनतीच्या कामाला सहा आठवडे किंवा जास्त लागतात. गाडी चालवणं कडक गोळ्या बंद झाल्यावर आणि दचकून जोरात ब्रेक दाबता येईल तेव्हाच, म्हणजे बहुधा दोन-तीन आठवड्यांनी. चार-पाच किलोच्या वरचं काही सहा आठवडे उचलायचं नाही. भरलेली बादली यात येते, ओल्या कपड्यांची टोपलीही येते. चालणं रोज वाढवत न्या. पोटाचे व्यायाम, पळणं, वजनं हे सर्जननी तपासून हो म्हटल्यावर, सहा आठवड्यांच्या आत तर नाहीच, कधी तीन महिन्यांनीही. पालथं झोपणंही तोवर नको.

व्रण पहिले काही महिने जास्तच लाल, टणक, उठावदार दिसतो. तो पिकतोय असं नाही, असाच भरतो. फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. सावळ्या कातडीवर तो बराच काळ गडद राहतो. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी रोज वापरा, उन्हापासून जपा, सर्जननी सांगितल्यावर बोटाने हलका दाब देत मसाज करा. पूर्वीचे व्रण गाठीसारखे वाढलेले असतील तर ते ऑपरेशनच्या आधीच दाखवा. छेदाच्या दोन्ही टोकांना कातडीचा छोटा उंचवटा कधी राहतो. तो बऱ्याचदा सूज उतरल्यावर बसतो, नाही बसला तर जागा बधिर करून काढता येतो. पण त्यासाठी वर्षभर थांबा, आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. सर्जनला दाखवायला तोच उपयोगी पडतो.